न वाचलेले दप्तर

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पाहणे हा आता पर्यटकांच्या कार्यक्रमातला एक भाग झाला आहे. (गावाचे नाव कुठे हर्णे लिहिलेले दिसते, कुठे हर्णै, भाषेच्या माणसांनी त्यावर वाद घालावा, समुद्राला त्याचे काही नाही.) खोल पाण्यात नौका उभ्या राहतात, छोट्या होड्या माल किनाऱ्याकडे आणतात, बैलगाड्या पाण्यात शिरून तो वाळूवर आणतात, आणि मग पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग मांडून बोली सुरू होते. सुवर्णदुर्ग मागे, कॅमेरे पुढे. आम्ही तिघे याच तालुक्यात मराठी शिकवतो. पाहुणे आले की आम्हीही त्यांना तिथे नेतो. पण गेल्या काही वर्षांत त्या लिलावातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. तिथे आकडा मोठ्याने उच्चारावा लागतो. कोणी किती म्हटले, कोणी चढवले, माल कोणाला गेला, हे भोवतालच्या पन्नास माणसांना ऐकू येते. हिशेबात घोळ नसतो असे आमचे म्हणणे नाही. घोळ असतात, उधारी असते, दलाली असते. पण आकडा ऐकू येतो.

आपल्या राज्याच्या विधिमंडळात आकडा ऐकू येतो का, हा या लेखाचा विषय आहे.

साहित्याच्या अनुदिनीवर हा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर असे की, ज्या माणसाने हिंदुस्थानात अंदाजपत्रकाच्या चिकित्सेला वाङ्मयाची प्रतिष्ठा दिली तो आपल्याच धंद्यातला, म्हणजे महाविद्यालयात शिकवणारा होता, आणि आपल्याच जिल्ह्यातला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली गुहागरजवळच्या कोतळूकचा. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी वाङ्मयापासून गणितापर्यंत विषय शिकवले. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार तेव्हा शिलकीचे कौतुक करत होते. गोखल्यांचा मुद्दा साधा आणि बोचरा होता: लोक दारिद्र्यात आणि दुष्काळात पिचत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेहून जास्त घेतला जातो. मिठावरील कर हे त्यांचे ठळक उदाहरण होते. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. परंतु ज्या किनाऱ्यावर मासळी मिठात घालून सुकवली जाते, त्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, गोखल्यांना मताचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मतदानाची नाही. दुसरी, त्यांचे आकडे आकाशातून पडत नव्हते. सोलापुरात शाळेचे मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवाल घेऊन बसत, तक्त्यांमागून तक्ते वाचत, आणि गोखले त्यांच्याकडून टिपणे मागवून घेत. एक शाळामास्तर वाचतो, एक प्राध्यापक बोलतो, आणि साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला उत्तर द्यावे लागते. आपल्या वाङ्मयेतिहासात निबंधकारांची प्रकरणे आहेत. जोशी मास्तरांच्या या वाचनाला त्यात जागा नाही. ती का नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, कारण आम्हीही तोच इतिहास वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत.

आता आजचे सभागृह. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८. गोखल्यांना नव्हता तो अधिकार विधानसभेला आहे: राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदानुसार खर्चाची प्रत्येक मागणी तिच्यापुढे ठेवावी लागते. ती मागणी मंजूर करता येते, नाकारता येते, कमी करता येते. कपात सूचना हे त्यासाठीचेच हत्यार. प्रत्यक्षात काय होते? थोड्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते, तीही बहुधा आपापल्या मतदारसंघातील रस्त्यांची यादी वाचून, आणि ठरलेली वेळ आली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेवाचून एकदम मताला टाकल्या जातात. या रिवाजाला संसदीय भाषेत गिलोटीन म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत ते मुंडक्यांसाठी होते, इथे प्रश्नांसाठी आहे.

त्यातही पुरवणी मागण्यांचे प्रकरण निराळेच. अंदाजात न बसलेला, अकस्मात उद्भवलेला खर्च भागवता यावा म्हणून घटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाने ही सोय ठेवली. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र सरकारने ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अर्थसंकल्पाची शाई तेव्हा वाळलेली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात आणखी ३५,७८८ कोटींच्या आल्या. दोन्ही मिळून एक लाख तीस हजार कोटींहून अधिक. मूळ अर्थसंकल्प सुमारे सहा लाख कोटींचा, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याहून मोठी ही पुरवणी. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, पुन्हा ५७,५०९ कोटी. ग्रंथापेक्षा परिशिष्ट जाड होऊ लागले की परीक्षक प्रबंध परत पाठवतो. विधानसभेने परत पाठवला नाही. यातला खर्च वाईटच होता असे आम्ही म्हणत नाही. त्यात शेतकऱ्यांचे वीजबिल आहे, महिलांच्या खात्यात जाणारे पैसे आहेत, रस्ते आहेत. अर्थसंकल्पात जो हिशेब मांडला त्यात जुलैचे एवढे मोठे भगदाड का दिसले नाही, एवढेच विचारायचे होते. हा प्रश्न विरोधी पक्षाने विचारला की त्यास राजकारण म्हणतात, आणि सत्ताधारी सदस्याला तो विचारता येत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे. तेव्हा २८८ माणसे बसतात खरी. खर्चाबाबत निर्णय घेणारी माणसे मोजायला दोन्ही हातांची बोटे लागतील की एकाच हाताची, हे सरकारागणिक बदलते.

आमदारही मग वेगळ्या कामाला लागतो. तो हिशेबनीस राहत नाही, वाटप करणारा होतो. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून प्रत्येकी वर्षाला पाच कोटी रुपये आहे; दोन्ही सभागृहांचे ३६६ सदस्य धरले तर वर्षाला १,८३० कोटी. राज्याच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. तिचा परिणाम किरकोळ नाही. ज्याने सरकारी खर्चाकडे संशयाने पाहायचे, तोच त्या खर्चाच्या एका वाट्याचा धनी होतो आणि गावोगावच्या सभामंडपावर, प्रवासी निवाऱ्यावर, स्मशानशेडवर त्याचे नाव रंगते.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाङ्मय मंडळाला पुस्तकांची कपाटे हवी होती. आम्ही एका लोकप्रतिनिधीला अर्ज केला. अर्जाचा मसुदा आम्हीच लिहिला, आणि मराठीचे अध्यापक असल्यामुळे तो फारच चांगला लिहिला. त्यात ‘कार्यसम्राट’ होते, ‘आधारवड’ होते, ‘कृपादृष्टी’ तर होतीच. कपाटे आली. त्यांवर पाटी आली. त्या पाटीवरील अक्षरे आतल्या कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील अक्षरांहून मोठी आहेत. देणाऱ्याविषयी आमची तक्रार नाही. त्याने मागितले ते दिले. आमची खंत ही की, जनतेचाच पैसा जनतेला देताना ‘कृपा’ हा शब्द आम्ही वापरला आणि तो वापरताना आमचा हात अडखळला नाही. शैलीविज्ञानाचा तास आम्ही दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे घेतला.

‘कृपा’ हा शब्द कोकणात कुठून आला ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. खोती हा त्याचा उगम. सारा सरकारचा, वसुली खोताची, मधला अधिकार बेहिशेबी, आणि कुळाच्या वाट्याला वेठ. श्री. ना. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) आपण सगळ्यांनी वाचली आहे, शिकवली आहे, तिच्यातील पिढ्यांच्या ऱ्हासावर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहवून घेतले आहेत. पण ज्या विधेयकाने खोतीच्या मुळाला हात घातला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले होते. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. एका सदस्याने आणलेले अशासकीय विधेयक, सरकारची टाळाटाळ, बाहेर शेतकऱ्यांची गर्दी: कायदेमंडळाचा सदस्य केंद्रित सत्तेविरुद्ध काय करू शकतो याचा हा आपल्या भूमीतील पाठ. आम्ही कादंबरी अभ्यासक्रमात ठेवली आणि विधेयक इतिहास विभागाकडे सोडले. इतिहास विभागाने ते कोणाकडे सोडले, कल्पना नाही.

खोताची तुलना आजच्या आमदाराशी करणे अन्यायाचे आहे, हे आम्ही मान्य करतो. आमदाराला दर पाच वर्षांनी निवडून यावे लागते, आणि पाणी नाही म्हणून रात्री अकरा वाजता येणारा दूरध्वनी त्यालाच घ्यावा लागतो. परंतु निवडणूक हेच जर उत्तरदायित्वाचे एकमेव साधन असेल, तर ते साधनच काढून घेतल्यावर काय उरते, हे रत्नागिरी जिल्ह्याने पाहिले आहे. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे घटनेचा २४३-ई हा अनुच्छेद सांगतो. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, तो गंभीरही होता. पण त्याच मार्चच्या आरंभी विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारी विधेयके मंजूर केली, आणि तीही एकमताने. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ राज्यभर जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका, महानगरपालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रशासक उत्तर देतो मंत्रालयाला. गावातल्या माणसाने प्रश्न विचारायचा तर कुठे जायचे? शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, तेव्हा कुठे ते चाक हलू लागले. या काळात आमच्या ओळखीच्या एका माजी सदस्याने आम्हांला विचारले होते, ‘सर, मी माजी आहे, पण आजी कोण आहे?’

एकमत आणखी एका प्रसंगी दिसते, तेही नोंदवून ठेवू. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतनात घसघशीत वाढ करणारे विधेयक चर्चेवाचून मंजूर झाले. असो.

आता पुन्हा समुद्राकडे येऊ, कारण नियमनाचा प्रश्न हर्णेत रोज लाटांवर तरंगतो. नौकेवर जनित्र लावून पाण्यात प्रखर एलईडी दिवे सोडायचे, उजेडाला भुलून आलेली मासळी लहानमोठी न पाहता घेरायची, हा प्रकार या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांना उपोषणे आणि मोर्चे करायला लावणारा ठरला. कायदा नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा घालणारा शासनाचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा आहे. राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्राची. केंद्रानेही नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आधी अध्यादेश काढून व मग विधेयक आणून दंड वाढवले. एलईडी वापरणाऱ्यास पाच लाखांपासून वारंवार गुन्हा केल्यास वीस लाखांपर्यंत. एवढे कागद रचले तर त्यांची एक छोटी जेटी होईल. (खऱ्या, सुसज्ज जेटीची मागणी हर्णेकर कित्येक वर्षे करत आले आहेत.)

तरीही बंदरावर बसून जाळे विणणाऱ्या माणसाला विचारा, तो क्षितिजाकडे बोट दाखवतो. रात्री तिथे उजेड दिसतो, म्हणतो.

आम्ही असे मानतो की इथे दोष कायद्याच्या शब्दांत नाही. शब्द चांगले आहेत, दंडाचे आकडे जरब बसवणारे आहेत. दंड वाढवताना सभागृह जागे होते. पण किती नौकांवर कारवाई झाली, किती दंड ठोठावला, त्यातला किती वसूल झाला, गस्तीसाठी मागितलेला पैसा गस्तीवरच खर्च झाला का, हे दरवर्षी विचारणे त्याच सभागृहाचे कर्तव्य होते आणि आहे. त्यासाठी तारांकित प्रश्न आहेत. मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. महालेखापालांच्या अहवालावर बसणारी लोकलेखा समिती आहे. साधनांची वाण नाही. समितीच्या बैठकीला वाहिनीचा कॅमेरा नसतो, एवढीच तिची उणीव.

आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत नेहमी पैशांतच मोजली जाते असेही नाही. याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. धरणाला गळती आहे हे ग्रामस्थांनी आधी सांगितले होते. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितले ते खेकड्यांचे. महाराष्ट्र त्या विधानावर हसला, विनोद झाले, व्यंगचित्रे निघाली. आम्हीही हसलो. धरणाच्या दुरुस्तीसाठी किती तरतूद होती, ती कोणी मागितली, कोणी अडवली, ही नोंद कुठल्याशा दप्तरात असणारच. खेकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि दप्तर राहून गेले. उपरोधाच्या शक्तीविषयी आपण वर्गात बरेच बोलतो. कधीकधी तोच सत्ताधाऱ्याच्या सोयीचा ठरतो, हे त्या जुलैत आमच्या ध्यानात आले.

दप्तर वाचून काय होते, असा प्रश्न येईल. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालातील सिंचनाचे आकडे आठवावेत. दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी खर्च होऊन सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर आले, असा अर्थ त्यातून निघत होता. दशांश चिन्हापुढचा एक आकडा. श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती नेमली गेली, एका उपमुख्यमंत्र्याने सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरात तो पदावर परतलाही. शासनाने पुढे तो आकडा वेगळ्या रीतीने मांडला. कोण दोषी याचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. एवढे खरे की, तो अहवाल सरकारनेच छापला होता आणि कोणीतरी तो सावकाश वाचला.

आणखी एक वाचक आमच्या विशेष आदराचे आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा. बिहारमधील जमीनविषयक संशोधन करताना ते तिथल्या राजपत्रांचे अंक चाळत होते. चाळता चाळता त्यांच्या लक्षात आले की अध्यादेश, जो सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत विरून जायला हवा, तो पुनःपुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवला जातो. १९६७ ते १९८१ या काळातले २५६ अध्यादेश त्यांनी तपासले. काही दहा वर्षांहून अधिक जगले होते. एक राज्य विधानसभेला वळसा घालून चालवले जात होते आणि त्या विधानसभेतील कोणी ते मनावर घेतलेले नव्हते. वाधवांनी त्यावर १९८३ मध्ये पुस्तक लिहिले, मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली आणि बिहार सरकारने वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यावेत असे सांगितले. राजपत्रासारखा नीरस गद्यप्रकार दुसरा नसेल. त्यात नायक नाही, प्रतिमा नाही, वाक्ये पानभर लांब. पण पाठचिकित्सा म्हणजे वेगळे काय असते? दोन पाठ शेजारी ठेवायचे, काय बदलले आणि काय मुद्दाम बदलले नाही ते पाहायचे. हे शिक्षण आपल्याकडे आहे. आपण ते हस्तलिखितांपुरते राखून ठेवले आहे.

या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांबरोबर आम्ही एक प्रयोग आरंभला. मत्स्यव्यवसाय खात्याच्या मागणीची पाने मुद्रित करून आणली आणि वर्गात वाचायला घेतली. पहिला तास शब्दांतच गेला: लेखाशीर्ष, विनियोजन, पुनर्विनियोजन, सुधारित अंदाज. मराठीच, पण कोणाच्या आईच्या तोंडी नसलेली मराठी. ‘सुधारित अंदाज’ म्हणजे अंदाज चांगला झाला असे एका मुलाने समजावून सांगितले, आणि खर्च न होता परत गेलेला पैसा सुधारणेच्या नावाखाली कसा लपतो हे त्याच्याच ध्यानात आले तेव्हा वर्ग बराच वेळ शांत होता. दुसऱ्या तासाला पाजपंढरीकडची एक मुलगी घरून प्रश्न घेऊन आली. डिझेलच्या परताव्याचे पैसे इतके महिने का थकतात, हे यात कुठे सापडेल, असे तिच्या वडिलांनी विचारले होते. आम्हांला सांगता आले नाही. आम्ही तिघेही पाने उलटत राहिलो. तिला म्हटले, पुढच्या सोमवारपर्यंत शोधू.

दरम्यान वरिष्ठांकडून विचारणा झाली की हे कोणत्या अभ्यासपत्रिकेत बसते. आम्ही ‘उपयोजित मराठी’ असे लिहून दिले आहे.